देवापुढचा पट्टा

आमचं घर म्हणजे गॅरेजच्या पाठीमागच्या दोन खोल्या. निपाणी संपून बेळगावचा रस्ता लागतो तिथं, हमरस्त्याला लागूनच आप्पांचं गॅरेज होतं. पुढं पत्र्याची शेड, मधे भिंत, आणि भिंतीच्या अलीकडं आई, अण्णा आणि मी. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ सदा. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्या भिंतीत चहाचे पेले पलीकडं देण्यापुरतं एक भोक ठेवलेलं होतं. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी चुलीपुढं बसायला लागले, तेव्हा ते भोक बरोबर माझ्या कानाच्या उंचीला यायचं. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. दिसायचं मात्र माणसांच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंतच. आप्पांचा हात दिसायचा. त्या हातात काय आहे आणि ते कसं धरलं आहे, यावरून आज काय होणार ते मला कळायचं.

तंबाखूच्या वखारी जवळच होत्या. वारा सुटला की तंबाखूचा बारीक खकाणा घरात यायचा, जोंधळ्याच्या पिठावर बसायचा, आणि शिंकत शिंकत भाकऱ्या थापाव्या लागायच्या. भाकरी, लसणीचा खर्डा आणि बाजारादिवशी वांग्याचं कालवण, एवढंच आमचं जेवण. पण आई खर्ड्यात शेंगदाणे जाडसर ठेवायची आणि तो वास आजही कुठं आला तर मी वळून बघते. दिवसभर पत्र्यावर हातोडी चालायची, कुठलं ना कुठलं इंजिन धडधडत असायचं, आणि घाटाकडं निघालेले ट्रक आमच्या दारात गिअर बदलायचे. या आवाजांची आम्हाला सवय होती. भीती वाटायची ती आवाज बंद झाले की. हातोडी मधेच थांबली की आई हातातलं काम टाकून भिंतीकडं बघायची. आप्पा मारायच्या आधी काम थांबवायचे. एका हातानं काम आणि दुसऱ्यानं मार असं त्यांनी कधी केलं नाही.

शेडमध्ये खिळ्यांना जुने पट्टे टांगलेले असायचे. इंजिनाच्या तोंडाशी जो पंखा असतो त्याला फिरवणारा हा रबरी पट्टा. तोच इंजिनातलं पाणी खेळवतो आणि बॅटरी भरणारा डायनामोही तोच फिरवतो. जुना झाला की तडकतो, मग काढून खिळ्याला. आमच्या घरात त्याचा दुसरा उपयोग होता. त्या पट्ट्याचा वळ दुहेरी उठतो, दोन्ही कडांचा, आणि मधली कातडी पांढरी राहते. अण्णाच्या पाठीवर असे वळ एकमेकांवर चढलेले असायचे, त्यामुळं कुठला कधीचा ते सांगता येत नसे. एकदा पाना चुकीचा दिला म्हणून तोच पाना त्याच्या तोंडावर बसला. पुढचा दात मला केर काढताना सापडला, तो मी तुळशीत पुरला. आईला डाव्या कानानं ऐकू यायचं नाही. ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं, माझ्या जन्माच्या आधीचं. मला फारसा मार बसला नाही. मी बोलत नसे, म्हणून सापडत नसे.

अण्णाला आप्पा काम शिकवायचे ते असं. गाडीपुढं उभं करायचं आणि विचारायचं.

"तांबडा दिवा लागला, गरमीचा काटा जाग्यावर हाय. काय झालं?"

"पाणी संपलं."

थप्पड.

"पाणी संपल्यावर दिवा कशाला लागंल रं? दिवा चार्जिंगचा हाय. काय झालं?"

"पट्टा तुटला."

"मग काटा?"

"चढंल मागनं."

"आन् काटा चढालाय पर दिवा लागलाच न्हाय, तर?"

अण्णा गप्प. पुन्हा थप्पड.

"तवा पाणी बगायचं. नळी बग, रेडेटरात केर बसलाय का बग. झाकणाला हात लावायचा न्हाय, तोंड भाजून घेशील. आन् तेलाचा दिवा लागला तर?"

"सावकाश न्यायची."

या वेळी थप्पड नव्हती, काहीतरी लोखंडाचं होतं. "तितंच थांबायचं. तेलाचा दिवा लागला की चाक फिरवायचं न्हाय."

ज्याला मार बसत होता त्याच्या डोक्यात काही टिकत नव्हतं. तो आप्पांच्या हाताकडं बघत उत्तरं द्यायचा. मी भिंतीच्या अलीकडं भाकरी उलटत होते, मला कुणी विचारत नव्हतं, आणि माझ्या डोक्यात सगळं राहिलं.

आता माझ्या नातवाची गाडी आहे. चावी फिरवली की तिच्यात समोर पिवळी-तांबडी चित्रं लागतात, थोडा वेळ राहतात आणि एकेक करून विझतात. मी मागं बसते. सगळी विझेपर्यंत मी समोरची सीट धरून ठेवते. सुनेला वाटतं मला गाडी लागते, म्हणून ती माझ्या हातात आल्याचा तुकडा देते. मी तो तोंडात धरते. काय सांगायचं तिला.

त्या दिवसाविषयी मी कुणाशी बोललेली नाही. अण्णाशीसुद्धा नाही, आणि तो तर माझ्याबरोबर होता.

गॅरेजला तंबाखूच्या एका व्यापाऱ्याची गाडी आली होती, काळी, गोल बोनेटची. घाट चढताना काटा वर जातो, अशी तक्रार. आप्पांनी इंजिन चालू करून कान दिला, बंद केलं, पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला आणि तो उलटा पिळून अण्णाला आतले तडे दाखवले. अण्णानं बाजारातून नवा पट्टा आणला. पण दुसऱ्या दिवशी अमावस्या होती, आणि अमावस्येला आप्पा कुठल्याच गाडीत नवीन वस्तू घालत नसत. आमच्या भागात गाडीवाल्यांत हे अजूनही पाळतात. अमावस्येला नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू द्यायचं, नव्याला हात लावायचा नाही. आप्पांचा याच्यापुढचाही एक नियम होता. नवीन वस्तू, मग तो साधा बोल्ट का असेना, आधी देवळीत देवापुढं ठेवायची, हळदकुंकू लावायचं आणि अमावस्या टळल्यावर घालायची. तो पट्टा असा देवापुढं वेटोळं करून ठेवलेला होता, त्याला कुंकवाची बोटं ओढलेली होती.

आणि त्या अमावस्येच्या दिवशी आई बाहेरची होती. मागच्या पडवीत पोत्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिला घरात यायचं नव्हतं, कशाला शिवायचं नव्हतं. मी घागर घेऊन हापशावर गेले होते. त्यानंतरचं आईनं मला सांगितलं. समईची वात कलली आणि पट्ट्याच्या कडेला लागली. रबर जळाल्याचा वास तिला पडवीत आला. तिनं हाक मारली, पुढं हातोडी चालू होती, कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी ती आत गेली आणि पट्टा उचलून पदरानं विझवला. कडेला बोटभर जळला होता, बाकी चांगला होता. तो हातात धरून ती तशीच उभी राहिली. ठेवावा तर कुठं ठेवावा हे तिला समजेना.

मी घागर घेऊन आले तेव्हा हातोडी थांबलेली होती.

आप्पा दारात उभे होते. आईला म्हणत होते, "हात लावलीस?"

"जळालता हो. वास आला म्हणून..."

"मी काय इचारलो? हात लावलीस का न्हाय?"

"लावला."

"देवाम्होरचा पट्टा बाटवलीस. आता ह्यो मी दुसऱ्याच्या गाडीत घालू? घाटात पोरंबाळं घेऊन जाणारा माणूस त्यो. काय झालं म्हंजे?"

त्यांना ते खरंच वाटत होतं. काही बहाणा काढून आईला मारायचे तेव्हा त्यांचा आवाज वेगळा असायचा. त्या दिवशी त्यांच्या आवाजात भीती होती. त्यांनी पट्टा तिच्या हातातून घेतला नाही. बाटलेल्याला हात कसा लावायचा, म्हणून खुंटीवरचा टॉवेल ओढून हाताला गुंडाळला, मग पट्टा घेतला. आणि मग त्या नव्या पट्ट्यानं तिला मारायला सुरुवात केली. नवा पट्टा जुन्यासारखा लवत नाही. तो कडक असतो, लागतो तिथं कातडी उचलतो. आईनं पहिल्यांदा हात वर केले, मग खाली केले, मग ती भिंतीला धरून बसली. पट्ट्याची कड डोक्याला लागून केसांतून रक्त आलं आणि ते उजव्या कानात उतरलं. तो तिचा ऐकू येणारा कान. मी घागर खाली ठेवली नव्हती. पाणी माझ्या अंगावर सांडत होतं आणि मला ते कळत नव्हतं. अण्णा मधे आला, त्याला त्यांनी लाथ मारून चुलीपाशी लोटलं, त्याचा हात निखाऱ्यात गेला.

दमल्यावर आप्पांनी पट्टा आईच्या गळ्यात घातला, हार घालावा तसा. म्हणाले, "आता ह्यो तूच घालून बस. सांजच्याला आलो की तुजा दुसरा कान बगतो." मग नारळ घेतला आणि अमावस्येच्या पूजेला रस्त्यापलीकडच्या म्हसोबाकडं गेले. तिथून ते गुत्त्यावर जायचे आणि दुपार तिथंच घालवायचे.

आई बराच वेळ तशीच बसली होती. मी ओल्या फडक्यानं तिचं डोकं पुसलं. ती म्हणाली, "मला दादाकडं न्या." दादा म्हणजे माझा मामा, बेळगुंदीला शेती करून असायचा. याआधी दोनदा आई त्याच्याकडं गेली होती आणि दोन्ही वेळा त्यानं तिला एसटीत बसवून परत पाठवलं होतं. वळ चार दिवसांत जातात गं ताने, तो म्हणाला होता, मग लोकांपुढं दाखवायला काय ऱ्हातंय. म्हणून या वेळी तिनं गळ्यातला पट्टा काढून गाठोड्यात बांधला. दादाला हा दाखवते, म्हणाली. ह्याच्यावर माझं रक्त हाय.

अण्णानं खिळ्यावरची चावी घेतली. शेडमध्ये गाड्या मागंपुढं करण्यापलीकडं तो कधी रस्त्यावर गेला नव्हता. भाजलेल्या हाताला त्यानं फडकं बांधलं होतं. मला म्हणाला, "शेवंते, तू म्होरं बस." आईला आम्ही मागच्या सीटवर आडवी केली. ती काळी गाडी, तोच तडकलेला जुना पट्टा, आणि पुढं लगेच तवंदीचा घाट. दुसरा रस्ता नव्हता.

घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. मग बोनेटखाली काहीतरी सट्कन तुटलं आणि पत्र्यावर आतून फटके बसायला लागले, तीन-चार, जोरात. मागं आईनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि ती सीटखाली सरकायला लागली. तिला वाटलं आप्पा आले. मी मागं वळून तिचा पाय धरला. फटके थांबले. पंख्याची घरघर गेली होती. ती इतका वेळ येत होती हे ती गेल्यावरच कळलं.

"दिवा लागला," अण्णा म्हणाला.

त्या गाडीत दोन तांबडे दिवे होते, शेजारी शेजारी, नखाएवढे. वरची अक्षरं पुसून गेली होती. एक तेलाचा, एक चार्जिंगचा. अण्णाला कुठला कुठला ते आठवत नव्हतं. तो दिव्याकडं, आरशाकडं, पुन्हा दिव्याकडं बघत होता. आरशात ट्रक दिसायचा, त्याच्यामागून कुणी मोटरसायकलवाला निघाला की आप्पाच आले असं वाटून अण्णाच्या पायाखालची गाडी धक्के खायची.

"वर न्हेतो. वर गेल्यावर उतार हाय, बंद करून सोडतो खाली."

मी काट्याकडं बघत होते. दिवा लागला तेव्हा काटा मधेच होता. आता तो हलला. हळूहळू, पण थांबत नव्हता. आधी दिवा, मागनं काटा. तेलाचा दिवा असता तर इंजिनाचा आवाज कोरडा, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा यायला पाहिजे होता. तो येत नव्हता. भिंतीच्या भोकातून ऐकलेलं सगळं माझ्यापुढं उभं राहिलं, आणि ते तोंडातून बाहेर काढायला मला किती कष्ट पडले ते मी लिहून सांगू शकणार नाही.

"अण्णा, थांबीव."

"थांबलो की संपलं. मागनं येतील."

"पट्टा तुटलाय. पाणी फिरना झालंय. वर जाईस्तोर इंजिन तापून जाम हुईल, मग ह्या वळणातनं आईला उचलून न्ह्यायला पायजे. थांबीव."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी इतकी वाक्यं एका दमात बोललेली त्यानं कधी ऐकली नव्हती. गाडी कडेला घेतली.

बोनेट उघडलं तर आतून भट्टीसारखी धग आली. जुन्या पट्ट्याचा एक तुकडा पंख्याला लोंबत होता. अण्णा फडकं गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला लागला, पाणी बघतो म्हणाला. मी त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. "त्येला हात लावू नको. तोंडावर यील." तो म्हणाला, "तुला काय ठाव?" मी म्हणाले, "तुला मार बसला तवा ऐकलोय." त्यानं हात मागं घेतला. आमच्या दोघांच्या मधे त्या दिवशी एवढंच बोलणं झालं ज्यात आप्पांचं नाव न घेता आप्पा होते.

पट्टा पाहिजे होता. मी आईपाशी गेले. ती सीटखालीच बसली होती, गाठोडं छातीशी धरून.

"आई, पट्टा दे."

"न्हाय."

"दादामामाला दाखवायला पायजे, ठाव हाय मला. पर तितंवर जायला..."

"त्ये न्हाय गं." ती हळू आवाजात म्हणाली. "माजा हात लागलाय त्याला. अशा दिवसात. गाडीत घातलासा आन् तुमा दोघांस्नी काय झालं तर मी काय करू?"

एवढा मार खाऊन, कानात रक्त असताना, ती हेच धरून बसली होती. त्यांच्या शब्दावर तिचाही विश्वास होता. मला रडू आलं आणि रागही आला, आणि त्या रागात मी तिला जे बोलले ते पुन्हा कधी कुणाला बोलले नाही.

"तुज्या पोटातनं आलोय आमी दोघं. अजून काय बाटायचं ऱ्हायलंय आमचं?"

आईनं गाठोड्याची गाठ सोडली.

गाडीच्या डिकीत पाने होते. अण्णाच्या भाजलेल्या हातानं पाना धरवेना, म्हणून बोल्ट मी सैल केले, तो कुठला आणि किती ते सांगत होता. डायनामो आत ढकलायचा, पट्टा खालच्या पुलीवरून आणून पंख्यावरून चढवायचा, मग डायनामो लोखंडी दांड्यानं बाहेर ओढून धरायचा आणि बोल्ट आवळायचे. ओढताना माझा हात तापलेल्या नळीवर टेकला. कोपराखाली तो डाग अजून आहे, कातडी तिथं मेणासारखी गुळगुळीत झाली आहे. मी हात काढला नाही, कारण काढला असता तर ताण गेला असता. कुंकू माझ्या बोटांना लागत होतं, आणि आईचं रक्त वाळून काळं झालेलं होतं ते रबरावरून निघत नव्हतं. खालून एक मोटरसायकल वर आली, आम्ही दोघं बोनेटमागं वाकलो. दूधवाला होता.

इंजिन निवेपर्यंत थांबावंच लागलं. शेंगा विकणाऱ्या एका बाईनं आईकडं बघितलं आणि घागरीतलं पाणी दिलं. ओलं गोणपाट टाकून अण्णानं झाकण थोडं थोडं सैल केलं, मग पाणी ओतलं. चावी फिरवली. दोन्ही दिवे लागले. इंजिन चालू झालं आणि दोन्ही विझले.

मागून आईनं विचारलं, "विझला का गं?"

"विझला."

बेळगुंदीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मामा अंगणात रताळ्यांच्या ढिगापुढं बसून माती झाडत होता. त्यानं गाडी बघितली, आईला बघितलं, आणि उठायच्या आधी म्हणाला, "परत आलीस?" मामीनं आईला आत नेलं, डोक्याला हळद दाबली. आम्हाला उकडलेली रताळी दिली. मी ते रताळं हातात धरून बसले, ऊब घेत.

मामा दारातून म्हणाला, "कशानं मारला?"

आई म्हणाली, "गाडीत हाय. पुढच्या झाकणाखाली."

मामाला ते कळलं नाही. त्याला वाटलं डोक्याला मार लागलाय म्हणून बरळतेय. तो मामीला म्हणाला, "आजच्या दिस ऱ्हाऊदे. उद्या मी सोताच सोडून येतो." आईनं उजव्या कानावर हात ठेवला होता.

तेवढ्यात आप्पा आले. गाडी गेल्याचं त्यांना गुत्त्यावरच कळलं असावं, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून आले होते. माणूस त्यांना उतरवून निघून गेला. मला वाटलं ते सरळ घरात घुसतील. पण ते आधी गाडीकडं गेले. चाकं बघितली, बोनेट उघडलं. आत वाकून बघितलं. मग अण्णाची मान धरून त्याला तिथं ओढत नेलं आणि त्याचं तोंड इंजिनावर दाबलं.

"बाटलेला पट्टा घातलायस? बाटलेल्या पट्ट्यावर लोकाची गाडी आणलास हितवर?"

मामा पायरीवर उभा होता. म्हणाला, "पावणं, जरा बसा. चा घ्या."

"चा कसला घेता? ह्यो बगा." आप्पांनी मामाला हात धरून जवळ नेलं. "सकाळी ह्याच पट्ट्यानं झोडपलोय तिला, आन् त्योच आणून घातल्यात. रगात बगा त्याच्यावर. अक्कल हाय का ह्यास्नी?"

मामानं पट्टा बघितला. वाकून बघितला. आपण काय बोललो हे आप्पांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग आप्पा घरात शिरले. आईचे केस धरून तिला उंबऱ्यावरून बाहेर ओढलं. मामीच्या हातातली हळदीची वाटी उडाली. अंगणात शेजारची माणसं गोळा झाली होती. त्यांच्या देखत आप्पांनी आईच्या उजव्या कानावर हात उगारला, आणि मामानं रताळ्याच्या ढिगाशेजारची कुदळ उचलली. दांड्याकडनं मारली, पात्याकडनं नाही. पण पाठीत असा फटका बसला की आप्पा पुढं गेले आणि गाडीच्या बंपरवर तोंडावर पडले. दात पडल्याचा आवाज मला ओळखू येतो. मामानं दुसरा फटका घातला, तिसरा घातला. अण्णा बाजूला उभा राहून रडत होता की हसत होता मला सांगता येत नाही. शेवटी शेजाऱ्यांनी मामाला धरलं. मामा बहिणीसाठी उठला की गावादेखत आपल्या अंगणात हे झालं म्हणून उठला, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेले नाही. तो फटका मारतानाही आईकडं बघत नव्हता.

"ही हितंच ऱ्हाणार," मामा धापा टाकत म्हणाला. "पोरंबी ऱ्हातील. गाडी घे आन् जा."

आप्पा उठले. तोंडातलं रक्त थुंकलं, टॉवेलानं पुसलं. तो सकाळचाच टॉवेल होता. गाडी परत न्यायलाच हवी होती. सकाळी मालकाचा माणूस येणार होता. ते बोनेटपाशी गेले आणि सवयीनं पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला. टॉवेल न गुंडाळता.

"ताण कुणी दिला?"

मी म्हणाले, "मी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याशी ते बोलायचे ते भाकरी वाढ, पाणी आण, एवढंच. त्यांनी पुन्हा एकदा पट्टा दाबला, बरोबर मधोमध, आणि हात काढून घेतला. बरोबर आहे म्हणाले नाहीत, चूक आहे असंही म्हणाले नाहीत.

बोनेट लावलं, पण गाडीत बसेनात. अमावस्या, बाटलेला पट्टा, आणि पुढं घाट. मामीकडं न बघता ते म्हणाले, "एखादं लिंबू हाय का घरात?"

परसात लिंबाचं झाड होतं, लिंबांच्या भारानं फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. सगळ्या गावाला ठाऊक होतं ते.

मामी म्हणाली, "न्हाय."

आप्पा दार उघडून बसले. मी गाडीच्या खिडकीपाशीच होते, मला आतलं दिसत होतं. चावी फिरवली तसे दोन्ही तांबडे दिवे लागले. आप्पांचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावेत. इंजिन चालू झालं, दिवे विझले. पंख्याची घरघर सुरू झाली, एकसारखी. गाडी अंगणातून मागं सरली, वळली आणि बेळगावच्या रस्त्याला लागली.

मी घरात गेले. आई भिंतीला टेकून बसली होती, हळद आणि रक्त एकत्र होऊन तिच्या मानेवरून उतरत होतं. तिनं उजवा कान माझ्याकडं केला.

"दिवा विझला का गं?"

"विझला, आई."

तिनं डोळे मिटले.